उघड्या दुकानाचं कुलूप

आयुष्यात मला जेवढे धक्के बसले, त्यातले निम्मे एकाच माणसाने दिले, आणि वर महिन्याच्या महिन्याला पगारही दिला. माझा नवरा अजून चिडवतो. घरात कोणी काही भलतंच बोललं की म्हणतो, हिची काळजी करू नका, ही काकाजींच्या हाताखाली सहा वर्षं होती, हिला आता कशाचंच काही वाटत नाही. त्याचं चुकतं. मला वाटायचं. रोज वाटायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कामावर हजर असायची.

काकाजी म्हणजे आमच्या औषधाच्या दुकानाचे मालक. गांधीबागेकडून मोठ्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते दुकान होतं आणि ते कधीही बंद नसायचं. बोर्डावरच लिहिलेलं होतं, 'दिवसरात्र उघडे'. तीन पाळ्यांत माणसं यायची-जायची. दिवाळी असो, शहर बंद असो, मालकाच्या घरी लग्न असो की मयत, दुकानाची दारं आपली भिंतीला टेकलेली. आणि त्यातल्या एका दाराच्या कोयंड्यात एक कुलूप लटकत असायचं. पितळी, अलीगडचं, चांगलं नारळाएवढं. त्याला काकाजी दर शनिवारी शिवणयंत्राचं तेल द्यायचे. किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली. ती सोडवायची म्हणजे धोतर थोडं सैल करणं आलं, आणि ते काम ते भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, खुशाल करायचे. मी मान फिरवायला शिकले.

बंदच न होणाऱ्या दुकानाला कुलूप कशाला, हे येणारा-जाणारा विचारायचा. काकाजींचं उत्तर माणूस बघून बदलायचं. कापडबाजारातल्या शेठजींना ते सांगायचे की दारासोबत फुकट मिळालं. कॉलेजातला एक पोरगा फारच खोदून विचारायला लागला तेव्हा चष्म्यावरून बघत त्याला म्हणाले, "तोंड खायले आहे नं गा? मंग देवानं त्याले ओठ काहून देल्ले?" पोरगा खोकल्याच्या गोळ्या न घेताच गेला. मी विचारलं तेव्हा मला उत्तरही मिळालं नाही. म्हणाले, आधी लावायला शीक, मग बघू.

खरंच, माझी मुलाखत त्या कुलपावरच झाली होती. मी एकवीस वर्षांची, औषधशास्त्राचा डिप्लोमा नुकताच हातात पडलेला. बाबा मिलमध्ये. छप्पन साली दीक्षेला जाताना त्यांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं आणि परत येताना म्हणे ठरवलं होतं की ही पोरगी शिकणार. शिकले. आमच्या गल्लीतली पहिली. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नवी साडी नेसून मी काकाजींसमोर उभी राहिले. रात्रभर मात्रा आणि मापं पाठ केली होती. त्यांनी प्रमाणपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे दार लावून दाखव," म्हणाले.

सागवानी दोन फळ्यांचं जुनं दार. डावी फळी खाली बसलेली, ती गुडघ्याने उचलून आत ढकलल्याशिवाय कडी बसतच नसे. हे मला कोण सांगणार? आतली गिऱ्हाइकं त्यांनी बाहेर काढली होती. मी दाराशी झटते आहे, नव्या साडीला काळं लागतंय, आणि मागे पंधरा माणसं औषधाच्या चिठ्ठ्या हातात धरून माझ्याकडे बघताहेत. एका म्हातारीने तर मला ढकला ढकला असं सांगून प्रोत्साहनही दिलं. शेवटी कुलूप लागलं. काकाजींनी मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजले, कुलूप उघडलं, आणि उद्यापासून ये म्हणाले. नोकरी लागल्याचा आनंद मला घरी पोचेपर्यंत झाला नाही, इतकी मी सुन्न होते.

मग कळलं की ही रोजचीच कवायत आहे. सकाळी सातला पाळी बदलली की सगळ्यांनी बाहेर यायचं, नव्या पाळीतल्या एकाने कुलूप लावायचं, काकाजींनी दहापर्यंत मोजायचं, मग उघडायचं. रोज. गिऱ्हाईक ओरडलं तर त्यालाही ते आकडे मोजायला लावायचे. लोक हसायचे, आम्हाला लाज वाटायची. समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक तर आपल्या गिऱ्हाइकांना बोलावून हा तमाशा दाखवायचा.

समोरच्या दुकानदाराशी काकाजी आठ वर्षं बोलत नव्हते. कारण असं की एकदा त्यांनी त्याच्या लशींच्या फ्रीजमध्ये दुधाचं पातेलं पाहिलं होतं. त्या बापड्याने पुष्कळ समजावलं की घरी पाहुणे आहेत, एक दिवसाचा प्रश्न आहे. काकाजींनी त्याच्याकडे पाठ केली ती केलीच. रस्त्यात समोर आला तरी हे दुसऱ्या कडेला जायचे. तोही काही कमी नव्हता, यांच्या कुलपाला रोज दुरूनच नमस्कार करायचा.

बोलायला तिखट, सकाळी उभ्याउभ्या तर्री-पोहे खाणार तेही तिखट, आणि पांढऱ्या शुभ्र धोतरावर आयुष्यात एक डाग नाही. चिठ्ठी हातात आली की ती मोठ्याने वाचायचे. कोणाला काय झालंय हे सगळ्या रांगेला कळायचं. मी एकदा म्हटलं, काकाजी, लोकांना संकोच वाटतो. तर म्हणाले, मी चुकीचं वाचलं तर ज्याची चिठ्ठी आहे तो टोकेल, मनात वाचलं तर कोण टोकणार? एका जाडजूड शेठजींना त्यांनी टॉनिकची बाटली दिलीच नाही. शेठजी मागताहेत, बाटली समोर फळीवर दिसते आहे, आणि हे सांगताहेत की तुमच्यासाठी नाही, तुम्ही इथून घरी पायी जा. शेठजींचा ड्रायव्हर बाहेर गाडी घेऊन उभा होता. तो हसू दाबताना मी पाहिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, सगळं वाईटसाईट शहराबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. सगळं शहर ओरडत असतं, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. काकाजी वर्षभरात मुदत संपलेल्या औषधांचे रिकामे खोके एका पोत्यात साठवायचे. औषधं आधीच मागच्या खड्ड्यात गाडलेली असायची, खोके तेवढे ठेवलेले. मारबत दुकानासमोर आली की हे पोतं खांद्यावर टाकून, पांढरं धोतर खोचून मिरवणुकीत घुसायचे आणि गल्लीच्या तोंडापर्यंत ओरडत जायचे, "जुनं औषध घेऊन जा गे मारबत!" मी विज्ञान शिकलेली. पहिल्या वर्षी मला वाटलं, माणूस कामातून गेला. दुसऱ्या वर्षी पोत्याचं दुसरं टोक मी धरलं होतं.

एक प्रसंग मात्र मी फार कमी लोकांना सांगितलाय. मला कामाला लागून दोनच महिने झाले होते. एक बाई आल्या, चांगल्या घरच्या, दागिन्यांच्या. मी मिक्श्चर तयार करत होते. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या काकाजींकडे वळून हळूच म्हणाल्या की दुसऱ्या कोणाकडून करून द्या. माझे हात जागच्या जागी थांबले. असं काही कधीतरी ऐकावं लागेल हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण पांढरा कोट अंगात असताना ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

काकाजींनी हातातली कात्री खाली ठेवली. "औषध हिच्या हातचं नाही पायजे," ते नेहमीसारखेच मोठ्याने म्हणाले, "अन् बिमारी कोनाच्या हातची घेतली, ते पुसलं होतं का बाई?"

रांगेतलं कोणी हसलं नाही. बाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि गेल्या. काकाजींनी मला एका शब्दाने विचारलं नाही की तुला कसं वाटलं. पुढची चिठ्ठी मोठ्याने वाचायला घेतली. मी मागच्या खोलीत जाऊन रडले, आणि खरं सांगते, मला राग त्या बाईंपेक्षा काकाजींचा आला होता. सगळ्यांसमोर माझं असं प्रदर्शन कशाला मांडलं? तो राग जायला वर्ष लागलं.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. दुकानातल्या सगळ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या फक्त मी लिहायच्या. माझं अक्षर चांगलं होतं, हे खरंच. पण मालकाने तीन पाळ्यांतल्या सगळ्या माणसांना बजावून सांगावं की हिच्या हातची चिठ्ठी असल्याशिवाय बरणी ही बरणी नाही, याचं मला फार अप्रूप होतं. त्या नियमावरच पुढे सगळं गाडं घसरलं.

आमचं काम त्या काळी अर्धं बाटलीबंद आणि अर्धं हातचं होतं. पोटदुखीची, खोकल्याची मिक्श्चरं दुकानातच व्हायची. पावडरी मोठ्या बरण्यांत भरलेल्या असायच्या. संध्याकाळी बंद होणाऱ्या दुकानात माणूस शेवटी सगळं आवरतो, जागच्या जागी ठेवतो, उद्यासाठी रिकामं-भरलं बघतो. आमच्याकडे ती वेळ कधी यायचीच नाही. आपली पाळी संपली की हातातलं अर्धं काम पुढच्याला तोंडी सांगून निघायचं. पुढचा त्याच्या पुढच्याला सांगायचा. एरवी ते निभायचं.

उन्हाळ्याचे दिवस होते, वैशाख. खायच्या सोड्याची बरणी संपली म्हणून मी ती धुऊन तिच्या जागेवर उपडी ठेवली. धुताना चिठ्ठी निघून गेली. पाळी संपली, तेव्हा दुपारच्या माणसाला सांगितलं की ही रिकामी बरणी वाळली की भरायची आहे. कशाने भरायची ते सांगितलं की नाही, हे मला आजही नक्की आठवत नाही. जागेवरूनच कळेल असं मी धरून चालले असेन. त्याच संध्याकाळी बोरिक पावडरची बरणी फुटली. बोरिक म्हणजे डोळे धुवायची, पायाच्या बोटांत टाकायची पावडर. दिसायला सोड्यासारखीच, पांढरी, पण पोटात जायची नाही, आणि तान्ह्या बाळाच्या तर मुळीच नाही. रात्रपाळीला देवराव होते, वीस वर्षांचे जुने कंपाउंडर. त्यांना निरोप मिळाला की रिकामी बरणी भरायची आहे. फुटलेल्या बरणीच्या बदल्यातच ही असेल असं समजून त्यांनी बोरिक भरलं. चिठ्ठी लावली नाही. चिठ्ठी लावायचा अधिकार माझा होता ना! सकाळी मी आले, सोड्याच्या जागेवर भरलेली पांढरी बरणी पाहिली, देवरावांनी आठवणीने भरली म्हणून मनात त्यांना शाबासकी दिली, आणि झकास वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून चिकटवली. खायचा सोडा.

मग तान्ह्या मुलांच्या पोटदुखीचं मिक्श्चर केलं. साडेदहापर्यंत त्याच्या पाच बाटल्या गेल्या होत्या.

साडेदहाला एका माणसासाठी दुसरं औषध करत होते. त्यात सोडा आणि लिंबाचं सत्त्व पडतं. पडलं की फसफसतं. मी सत्त्व टाकलं आणि ढवळायला काचेची कांडी घेतली. फसफसलं नाही. मी आणखी चिमूटभर टाकलं. पाणी शांत होतं.

किती वेळ मी त्या भांड्याकडे बघत होते कोण जाणे, तीनचार मिनिटं असतील. त्या मिनिटांत माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. बरणी मागे नेऊन ओतून द्यावी. नवी भरावी. पाचच बाटल्या आहेत, कदाचित काहीच होणार नाही, आणि झालं तरी कोणाला कळणार? नोकरी जाईल, डिप्लोमा जाईल, गल्लीत बाबा काय तोंड दाखवतील, हे सगळं आलं. आणि मग त्यातली एक बाटली नेणारी बाई आठवली, तिच्या पदराखालचं ते महिन्याभराचं लाल लेकरू. मी काकाजींपाशी गेले आणि सांगितलं.

मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी भांडं हातात घेतलं, हुंगलं, खाली ठेवलं. दुकानात तीस माणसं होती. सगळ्यांना त्यांनी बाहेर जायला सांगितलं. लोकांना वाटलं नेहमीची कवायत, आज उशिरा. काहींनी हसत हसत आकडे मोजायला सुरुवातही केली. काकाजींनी गुडघ्याने डावी फळी उचलली, दार ओढलं, कुलूप लावलं. दहा झाले. त्यांनी किल्ली करदोट्याला परत बांधली.

लोकांचं हसणं थांबलं. एकेकाच्या हातात चिठ्ठी, घरी किंवा वॉर्डात दुखणेकरी. चोवीस तास उघडं असलेलं ते दुकान बंद झालेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी स्वतः हादरले. मी त्यांच्या जवळ जाऊन म्हटलं, काकाजी, ती एक बरणी फेकून देऊ, बाकी दुकान कशाला बंद करता, लोक बघा.

"एक बरनी चुकली हे तुले मालूम आहे," ते म्हणाले. "दुसरी चुकली नाही, हे मालूम आहे का?"

मी बंद दाराकडे पाहिलं.

"जवळोक मालूम नाही, तवळोक आत औषध नाही पोरी. नुसत्या पांढऱ्या पुड्या आहेत."

मग ते पायरीवर चढले आणि त्या तीस माणसांना त्यांनी सांगून टाकलं की माझ्या दुकानातून चुकीचं औषध गेलं आहे, आतलं सगळं तपासेपर्यंत दार उघडणार नाही. मी त्यांच्या धोतराला हात लावून थांबा म्हणत होते. असं कोणी सांगतं का? कोणत्या दुकानदाराने सांगितलंय? गर्दीतून एक दगड आला आणि बोर्डाची काच फुटली. एकाने ओरडून विचारलं की कोणाच्या हातून गेलं.

"दुकान माहं आहे," काकाजी म्हणाले. "हात माहा."

मी तिथेच उभी होते. बोलायला हवं होतं मी. तोंड उघडलं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काकाजींनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि सरळ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. आठ वर्षांनी. त्याच्या काउंटरवर चिठ्ठ्या ठेवून म्हणाले, माझ्याकडून चूक झाली आहे, एवढी माणसं सांभाळ. तो गृहस्थ तोंड उघडं टाकून बघत राहिला. मला वाटतं तोही माझ्याइतकाच हबकला होता. देवरावांना घरून झोपेतून उठवून आणलं. ते ऐकून मटकन खाली बसले आणि मग उठून दवाखान्याकडे धावत सुटले. पाचपैकी तीन बाटल्या मुलांच्या वॉर्डात होत्या. त्यातल्या एकीतलं अर्धा चमचा औषध पोटात गेलं होतं, त्या बाळाला डॉक्टरांनी लगेच हातात घेतलं आणि ते ठीक राहिलं. चौथी बाटली मागच्याच गल्लीत सापडली, न उघडलेली. पाचवी त्या लाल लेकराची होती. आमच्याकडे राहिलेल्या तिच्या चिठ्ठीवर बापाचं नाव होतं आणि पारशिवनीजवळच्या एका खेड्याचं. ते नवरा-बायको सकाळच्या एस.टी.ने निघून गेले होते.

समोरच्या दुकानदाराने न मागता आपली गाडी काढली. तो चालवत होता, काकाजी त्याच्या शेजारी, मी मागे. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. पुलाच्या पुढे काकाजींनी मागे न वळता विचारलं की मात्रा किती सांगितली होती. मी म्हटलं, एक चमचा, दिवसातून तीनदा. मग थोड्या वेळाने बाकीचंही सांगावंच लागलं. ती बाई निघताना मला म्हणाली होती की गाडीत रडलं तर काय करू. आणि मी म्हटलं होतं, रडलं तर वाट बघू नका, लगेच द्या. पण चमच्याने मोजूनच द्या, अंदाजाने ओतू नका. हे मी तिला दोनदा बजावलं होतं. मला माझ्या शिक्षणाचा तेवढा अभिमान होता.

काकाजींनी डोळे मिटले. गाडी चालवणाऱ्याने वेग वाढवला. मी आयुष्यात देवाधर्माला फारसं काही मागितलं नाही, पण त्या उरलेल्या वाटेत जे जे आठवलं त्या सगळ्याला हात जोडले.

पारशिवनीच्या स्टँडवर उतारू केव्हाच पांगले होते. ऊन मी म्हणत होतं. स्टँडमागच्या कडुनिंबाखाली मात्र ती दोघं बसली होती, उन्हं उतरायची वाट बघत. पुढे त्यांना दोन कोस पायी जायचं होतं. लेकरू तिच्या मांडीवर होतं. हलत नव्हतं. मी धावले. माझी चप्पल कुठे पडली ते मला कळलं नाही.

मी वाकून पाहिलं. छाती वरखाली होत होती. लेकरू रडून रडून झोपलं होतं, डोळ्यांच्या कडा ओल्या.

"बाटली," मी म्हटलं. एवढंच तोंडातून निघालं.

तिने पिशवीतून बाटली काढली. बूच जसंच्या तसं. ती घाबरून माझ्याकडे आणि मागून येणाऱ्या काकाजींकडे बघायला लागली, आपलंच काही चुकलं असं वाटून. "मोटारीत लय रडलं," ती म्हणाली. "पर चमचा कुठं होता बाई? तुमीच म्हनल्या, मोजूनच देजा. म्हटलं, घरी जाऊन देईन."

काकाजी खाली बसले. तिथेच, धुळीत, त्या पांढऱ्या धोतरासकट. समोरच्या दुकानदाराने तोंड फिरवलं. काकाजींनी त्या नवरा-बायकोसमोर हात जोडले आणि सांगितलं की माझ्या दुकानाने तुमच्या लेकराला विष दिलं होतं. बाप उठून उभा राहिला. उंच, काटक माणूस होता, त्याच्या मुठी वळलेल्या मला दिसल्या. आणि आता मात्र माझं तोंड उघडलं. मी म्हटलं, यांनी नाही, मी केलं. बरणीवर चिठ्ठी मी लावली, औषध मी कालवलं, बाटली मी भरली. मला जे बोलायचं ते बोला. मी मार खायच्या तयारीने डोळे खाली केले.

मी वर पाहिलं तर बाई आमचं ऐकतच नव्हती. तिने बाटली माझ्या हातात दिली होती आणि रिकामा झालेला हात तसाच पुढे धरला होता.

"मंग चांगलं औषध द्या न," ती म्हणाली. "आता उठंन त् पुन्हा रडन."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. तीन शिकलीसवरलेली माणसं, दोन दुकानांचे दोन मालक आणि एक डिप्लोमावाली. चुकीचं औषध परत घ्यायला आम्ही पंचवीस मैल जिवाच्या आकांताने आलो होतो. बरोबर औषध सोबत घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं. त्या दिवशी मला जे जे धक्के बसले त्यात हा सगळ्यात मोठा होता. बाकीच्या धक्क्यांत मी माझी नोकरी, माझं नाव, माझी चूक बघत होते. लेकराचं पोट अजून दुखतंय, हे त्या झाडाखाली फक्त तिला आठवत होतं.

काकाजी उठले. धोतराला धूळ तशीच. "चाल पोरी," ते मला म्हणाले, "दुकान उघडा लागते."

परत आल्यावर त्यांनी मागच्या दाराने आम्हाला आत घेतलं. मी आणि देवराव, दोघांनी मिळून एकेक बरणी काढली, चाखायची ती चाखली, फसफसवायची ती फसफसवली, शंका आली ती ओतून दिली. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या मी भिजवून काढून टाकल्या आणि नव्या लिहिल्या. या वेळी प्रत्येक चिठ्ठीवर देवरावांचीही सही घेतली. काकाजी आमच्याच दुकानाच्या पुढच्या पायरीवर, कुलपाला पाठ लावून बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते, न कंटाळता, मोठ्याने. संध्याकाळ होत आली तेव्हा सगळं तपासून झालं. मी ते मिक्श्चर पुन्हा केलं. मी आधी काकाजींना म्हटलं होतं की देवरावांना करू द्या. ते नाही म्हणाले. बाटली भरल्यावर त्यांनी त्यातला एक चमचा स्वतः घेतला, मिशा पुसल्या, आणि कुलूप काढलं.

दुकानातून बाहेर पडलेली पहिली बाटली ती होती. काकाजी ती घेऊन पारशिवनीच्या शेवटच्या एस.टी.त बसले. सोबत एक स्टीलचा चमचा घेतला होता. गल्ल्यावर देवरावांना बसवून गेले, मला घरी जा म्हणाले. मी गेले, पण जेवले नाही. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सकाळी जा कामावर.

सकाळी सातला मी दुकानात होते. फुटलेल्या बोर्डाच्या काचा कोणीतरी झाडून काढल्या होत्या. गिऱ्हाईक फारसं नव्हतं, आणि पुढचे कित्येक महिने फारसं नव्हतंच. नऊच्या सुमारास काकाजी आले. दाढी वाढलेली, धोतर मळून पिवळं झालेलं, दोन कोस जाऊन दोन कोस आलेले पाय. रात्रभर ते त्या घराच्या ओट्यावर बसून होते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. त्या सकाळी ते सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं आता हिशेब चुकता करून घरी पाठवतील, आणि मी मनाने त्याला तयारही होते.

"निजलं लेकरू," ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

मी काउंटरवर डोकं ठेवून रडले, समोर दोन गिऱ्हाइकं उभी असताना.